सानोबर-ओपाचा एकच प्रश्न

आमच्या मर्गिलान शहरात रंगारी उदंड. रेशमाच्या लडी रंगवणाऱ्यांची अख्खी गल्लीच आहे, कोपरापर्यंत निळे-लाल हात घेऊन फिरतात ते. पण आमच्या मोहल्ल्यात कुणी ‘रंगारीण’ म्हटलं तर लोक त्या गल्लीकडे नाही, सानोबर-ओपाच्या दाराकडे बोट दाखवतात. ती सरकारी दवाखान्याची फिरती नर्स. पांढरा कोट, पायात पुरुषी बूट आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राची पिशवी घेऊन ती तीस वर्षं घराघरांतून हिंडते आहे. कुणी ‘पोट’ हा शब्द काढायचा अवकाश, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “सकाळी रंग कसा होता?”

शौचाचा रंग, आणखी कशाचा! कुठेही विचारते. भर बाजारात, मशिदीच्या दारात, बाळाच्या बारशात. मला तिनं माझ्या साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या सासऱ्यासमोर विचारलं होतं. मी नुसतं “जेवण जरा जड झालं” एवढंच म्हणालो होतो. सासरे अजून ती गोष्ट सांगतात आणि दर वेळी पदरची थोडी भर घालतात.

माझं नाव नेमत. मी गाजरं चिरतो. हसू नका. आमच्याकडे लग्नाचा पलाव पहाटे शिजतो, पाचशे माणसं सूर्य वर येईपर्यंत खाऊन जातात आणि त्या पलावात तांदळाइतकंच गाजर पडतं. मोहल्ल्याचे आशपाझ, म्हणजे पलाव शिजवणारे उस्ताद, होल्मत-अका; अका म्हणजे थोरला भाऊ. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं गाजरावर होतो. तेलावर नाही, तांदळावर तर नाहीच. झाऱ्याला हात लावला की अका म्हणायचे, “नेमत, तुझी जागा पाटावर.”

तर या ओपाची आणि माझी खरी ओळख झाली ती माझ्या छातीतल्या जळजळीमुळे. रात्री आडवा झालो की घशाशी आंबट यायचं. आई म्हणाली, थंड पदार्थ खाल्लास, आता गरम खा. मी वर मेंढीच्या शेपटीची चरबी खाल्ली. मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. ओपा आली, प्रश्न विचारला, मी लाजत उत्तर दिलं. गिळताना अडकतं का, वजन उतरलंय का, हेही तिनं विचारलं. मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग हे माझ्या पायरीवरचं. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, रात्री चरबी बंद, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घाल. पंधरा दिवसांत उतार नाही पडला तर मला सांग.”

विटांवर बायको आठवडाभर हसली. दहाव्या दिवशी जळजळ थांबली.

‘माझ्या पायरीवरचं’ हा तिचा खास शब्द. कोदिर खाटकाला आठ-आठ दिवस साफ होत नव्हतं, तेही तिच्या पायरीवरचंच निघालं. तो दिवसभर मांस आणि नान खायचा आणि दुकान सोडून जावं लागतं म्हणून पाणी प्यायचा नाही. तिनं त्याला रोज सकाळी भिजवलेले सुके जर्दाळू आणि भरपूर पाणी सांगितलं. टरबूज खाऊन कुणाला ढाळ लागले तर मीठ-साखरेचं पाणी, ते पण तिच्या पायरीवरचं. पण कधी कधी ती उत्तर ऐकून यंत्र पिशवीत ठेवते आणि म्हणते, “हे वरच्या पायरीचं. चल फरगान्याला, मोठ्या इस्पितळात.” मग तुम्ही अमीर असा की फकीर, ती पाठ सोडत नाही. मोहल्ल्यात तिला सगळे ओपा म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. फक्त होल्मत-अका तिला ‘सानोबर’ म्हणायचे, तेही ‘ए सानोबर’. ते तिच्याहून तीन वर्षांनी मोठे, दोघं लहानपणी एकाच झाडावर चढलेले.

ते झाड अजून आहे. ओपाच्या अंगणात, तिच्या वडिलांनी लावलेलं, काळ्या तुतीचं. पांढऱ्या तुती मे महिन्यात संपतात, पण काळ्या तुती उशिरा पिकतात आणि त्यातही हिचं झाड सगळ्यात शेवटी रिकामं होतं. जुलैभर ती वाडगे भरभरून सगळ्या गल्लीला वाटते. पोरांची तोंडं जांभळी, नमाजाला येणाऱ्यांच्या दाढ्या जांभळ्या. होल्मत-अका तर वाडगा घेऊन थांबायचेच नाहीत, थेट झाडाखाली जाऊन बसायचे.

गोष्ट एका वर्षीच्या ऑगस्टमधली. यादगार-बोवा म्हणजे आमच्या मोहल्ल्याचे वडीलधारे. त्यांच्या नातवाचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दुपारी गल्लीतले सगळे पुरुष यजमानाच्या अंगणात जमून गाजरं चिरतात. यंत्रावर किसलेलं गाजर आणलं तर पाहुणे जेवून जातात, पण त्या गाजराची चर्चा वर्षभर करतात. आणि ढीग संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा रिवाज. त्या दिवशी साठ किलो गाजर होतं, पिवळं आणि तांबडं. आम्ही पंधराजण चिरायचे पाट पुढ्यात घेऊन बसलो होतो. मधोमध, रिकाम्या कढईशेजारी, होल्मत-अका चौकीवर बसून आमच्या चुका काढत होते.

“नेमत, ही गाजरं आहेत की सरपण? बारीक चिर!”

मी बारीक चिरली. एक मात्र मला त्या दिवशी खटकलं होतं, आणि मी ते बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते. अका दरवेळी कढई एकटेच, कान धरून हलवायचे. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून ती चुलीवर ठेवली आणि नंतर अका भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, “ऊन आहे.” अंगणात सावली होती.

तेवढ्यात ओपा आली. बोवांचा रक्तदाब बघायला. पुरुषांच्या गाजरात बाई सहसा येत नाही, पण तिला कोण अडवणार? बोवांच्या दंडाला पट्टा गुंडाळून तिनं आकडा लिहिला आणि निघता निघता तिची नजर होल्मत-अकांवर गेली. थांबली.

“अका, जरा उभे राहा बघू.”

“का? नाचायचंय का?” अका उभे राहिले. आम्ही हसलो.

ओपा त्यांच्या कमरेकडे बघत होती. आशपाझ कमरेला रुमाल बांधतो, चौकोनी, भरतकामाचा, घडी घालून पुढे गाठ मारलेला. गाठीची दोन टोकं खाली लोंबतात.

“मार्चमधल्या नवरोजला या टोकांची लांबी एक वीत होती,” ती म्हणाली. “आज दीड वीत आहे. रुमाल वाढला का, अका?”

“गाठ सैल बांधली असेल.”

“गाठ घट्ट आहे. पोट दुखतं?”

“माझं? मी दुसऱ्यांची पोटं भरतो बाई, मला स्वतःच्या पोटाकडे बघायला वेळ कुठे?”

“रिकामं असलं की जळतं का? मग खाल्लं की बरं वाटतं?”

 अकांनी आम्हा पंधराजणांकडे बघून आवाज चढवला. “विचार की! विचार तुझा प्रश्न! आज सगळ्या मोहल्ल्यासमोर उत्तर देतो. रंग काळा! काळाकुट्ट! तुझ्याच झाडाच्या तुती, सानोबर! आता तुझ्या झाडाला ने फरगान्याला!”

अंगण हसून लोळलं. कोदिर खाटकाच्या हातून सुरी पडली. मीही हसलो. ओपा हसली नाही. तिनं हशा ओसरू दिला.

“किती दिवस झाले काळा येतोय?”

“तुती सुरू झाल्यापासून.”

“आणि आज सकाळी?”

“आज पण.”

“होल्मत-अका,” ती म्हणाली, “माझ्या झाडाची शेवटची तुती अठ्ठावीस जुलैला पडली. मी स्वतः झाडली. आज बारा ऑगस्ट आहे. पंधरा दिवस तुमच्या पोटात कुठल्या तुती पिकतायत?”

अंगणात सुऱ्या थांबल्या. 

“चिकट असतो? डांबरासारखा? वास नेहमीसारखा नाही, जास्त घाण?”

अकांनी मान हलवली. हो म्हणून.

“तुतीचा रंग पाण्यात जांभळा सुटतो. हा सुटत नाही, कारण तो रंगच नाही. रक्त आहे. वर पोटात कुठेतरी वाहतंय आणि खाली येईपर्यंत काळं होतंय.” तिनं पुढे होऊन त्यांच्या खालच्या पापणीला बोट लावून ती ओढली. आत गुलाबी असतं ना आपल्या सगळ्यांना, अकांचं कणकेसारखं पांढरं होतं. मी ते जवळून पाहिलं. 

“गुडघ्याच्या गोळ्या घेता तुम्ही. किती?”

“पहाटे दोन. उभं राहावं लागतं ना चार-चार तास. कधी तीन.”

“उपाशी पोटी?”

“पहाटे कोण जेवतं?”

ओपानं रक्तदाब मोजला, आकडा पाहिला आणि यंत्र पिशवीत ठेवलं. ते बघितल्यावर मला कळलं. पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. “हे वरच्या पायरीचं. आत्ता. उद्या नाही.”

“उद्या पाचशे माणसं येतायत!” अका भडकले. “कढई मांडली की आशपाझ अंगण सोडत नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही सोडलं नाही. आई गेली तेव्हाही पलाव उतरवूनच गेलो. परवा जाईन. तूच ने.”

सानोबर-ओपाचा आवाज आम्ही कधी फुटलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी फुटला.

“माझे बाबा पण ‘परवा’ म्हणाले होते! तुम्ही होतात अका, त्याच झाडाखाली बसला होतात. ते म्हणाले, तुती आहेत पोरी, तुतीनं होतं. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुस्तकात वाचलं होतं मी. तरी मला खरं वाटलं. रोज सकाळी मी ते अंगण झाडत होते, झाडाखाली एक तुती पडलेली नव्हती, आणि मला दिवस मोजायचं सुचलं नाही! आठव्या दिवशी ते रेशमाच्या मागावरच कोसळले, परत उठले नाहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते. हसता तुम्ही, हसा. हसणारे जिवंत आहेत, मला चालतं.”

 यादगार-बोवा आपली काठी टेकत उठले. त्यांचाच नातू, त्यांच्याच घरचं लग्न, त्यांचीच अब्रू.

“होल्मत,” ते म्हणाले, “उद्या तुझ्या पलावाला पाचशे येतील. परवा तुझ्या जनाज्याला हजार येतील. मला पाचशेच पुरे आहेत. नीघ.”

“मग पलाव कोण करणार, बोवा?”

बोवांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे कुणी आहे का बघायला वळलो. मागे भिंत होती.

“हा?” अका म्हणाले. “हा गाजरवाला?”

“एकोणीस वर्षं तुझ्या शेजारी बसलाय. एवढ्यात गाढवालाही पलाव आला असता,” बोवा म्हणाले. “नेमतलाही आला असेल.”

हे कौतुक होतं असं मी आजवर धरून चाललो आहे.

अकांनी कमरेचा रुमाल सोडला.  त्यांनी तो माझ्या कमरेला बांधला. माझी कंबर मोठी, गाठ जेमतेम बसली, लोंबायला दोन बोटंही उरली नाहीत. “तांदूळ घातल्यावर ढवळायचं नाही,” ते माझ्या कानात म्हणाले. “काय वाटेल ते झालं तरी ढवळायचं नाही.” मग कोदिरच्या गाडीत मागे आडवे झाले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओपा बसली. आम्ही उरलेली गाजरं चिरली. 

पहाटेचा पलाव मी केला. मी खोटं बोलणार नाही, तळाचा तांदूळ जरा जास्त शिजला होता. पण ढवळला नाही. पहिला थाळा रिवाजाप्रमाणे यादगार-बोवांच्या पुढे गेला. त्यांनी एक घास घेतला, चावला, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. ओपा होती. बोवांना कमी ऐकू येतं म्हणून ती ओरडत होती आणि पंचवीस माणसांची रांग ते ऐकत होती.

“नळी घातली! दुर्बिणीतून बघितलं! पोटात जखम आहे, बोटाच्या पेराएवढी! रक्त थांबवलं! दोन बाटल्या रक्त चढवलं! शुद्धीवर आहेत आणि इथल्या लापशीला नावं ठेवतायत!”

मी कढईच्या वाफेत तोंड घातलं आणि रडलो. वाफेत कळत नाही, हा आमच्या धंद्याचा एक फायदा.

फरगान्याच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी अकांना समजावून सांगितलं ते त्यांनी पुढे आम्हाला शंभर वेळा सांगितलं, म्हणून मला तोंडपाठ आहे. पोटात एक जंतू असतो, तो वर्षानुवर्षं भिंत पोखरतो. त्यावर उपाशी पोटी गुडघ्याच्या गोळ्या. दोघांनी मिळून जखम केली. अजून एक दिवस कढईपाशी उभे राहिले असते तर कढईतच पडले असते. जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला होता, वाईट काही नाही ना ते बघायला. निकाल यायला दहा दिवस लागले. रिसोलत-खोला, अकांची बायको, रोज ओपाच्या दारात येऊन बसायची. अकराव्या दिवशी ओपा गल्लीच्या तोंडाशी दिसली, ते पुरुषी बूट वाजवत चक्क धावत येत होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला धावताना मी प्रथमच पाहिलं. “साधी जखम!” ती लांबूनच ओरडली. “साधी! साधी!” रिसोलत-खोलानं तिला कवटाळलं आणि दोघी गल्लीच्या मधोमध बसल्या. मागे एक गाढवगाडी अडून राहिली. 

जंतूच्या गोळ्या चौदा दिवस, पोटाच्या दोन महिने, गुडघ्याच्या कायमच्या बंद. गुडघ्यांना मलम आणि चौकीवर बसून काम. दोन महिन्यांनी पुन्हा नळी. अकांनी आधी पुन्हा घशात नळी घालून घेणार नाही म्हणून आकांडतांडव केलं, ओपानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते गाडीत जाऊन बसले. जखम भरली होती. जंतूही गेला होता. डॉक्टरीणबाईंनी हात मिळवला.

आणि त्या मधल्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात एक वेगळंच सुरू झालं. जी माणसं ओपाला बघून रस्ता बदलायची, ती आपणहून तिच्या दारात जाऊन उभी राहायला लागली. कोदिर खाटकाच्या सासऱ्याला पाच महिन्यांपासून घास गिळताना अडकत होता, कुणाला सांगितलं नव्हतं. तो गेला, ओपानं त्याला वरच्या पायरीवर पाठवलं, वेळेत पोचला. बाकी बरेच गेले ते नुसतेच वायूचे धनी. त्यांना ओपानं कमी वाटाणे खायला सांगून परत पाठवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी कोदिरच्या मुलीचं लग्न आलं. गाजराच्या दुपारी होल्मत-अका चौकीवर येऊन बसले. मी कमरेचा रुमाल सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बांधला, घट्ट, आणि आम्ही सगळेच गाठीकडे बघत होतो. टोकं एक वीत. बरोबर एक वीत. पंधरा माणसांनी सुऱ्या पाटांवर वाजवल्या.

“काय बघताय?” अका म्हणाले. “चिरा! नेमत, तू इथे काय करतोयस? तुझी जागा कढईपाशी.”

दुसऱ्या दिवशी पलाव आम्ही दोघांनी उतरवला. त्यात सफरजलं, ती पिवळी आंबट-तुरट फळं, घातली होती, त्या हंगामाची पहिली. अकांनी पहिला थाळा भरला, वर मांस रचलं, आणि तो घेऊन ते यादगार-बोवांच्या पुढून सरळ दाराबाहेर चालते झाले. रिवाज मोडला, तरी बोवाच काठी टेकत मागे निघाले, मग आम्ही, मग अर्धे पाहुणे. अका गल्लीतून थेट सानोबर-ओपाच्या अंगणात, त्या तुतीच्या झाडाखाली जाऊन थांबले. झाडाची पानं पिवळी पडली होती. ओपा झाडू घेऊन उभी होती. तिनं थाळ्याकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं, आणि थाळा घ्यायला हात काही पुढे केला नाही.

“सकाळी रंग कसा होता?” तिनं विचारलं.

होल्मत-अका, तिच्याहून तीन वर्षांनी मोठे, पाचशेंच्या पलावाचे उस्ताद, छाती भरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले:

“पिवळा, ओपा! पिवळा!”